पाटाखालची किल्ली

आमचं घर देवबागला, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. मागच्या पडवीच्या खांबापासून भरतीच्या रेषेपर्यंतचं अंतर मी अकरा वर्षं दर पौर्णिमेला आणि अमावास्येला टेपने मोजत आलो. समुद्र अडवायला होणाऱ्या सरकारी बंधाऱ्याच्या आराखड्यात आमचं घर नव्हतं. किनारा किती आत आला हे दाखवायला माझ्याकडे तेवढे आकडेच होते. वह्यांना वाळवी लागली, तेव्हा मी सगळे आकडे कॉम्प्युटरवर घेतले, दोनदा पडताळले आणि वह्या न्हाणीच्या चुलीत घातल्या.

त्याच कॉम्प्युटरवर घरी भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांच्या आधारकार्डांच्या प्रती होत्या. कॉम्प्युटरबरोबर आलेली कंपनीची जुनी सिस्टिम वापरताना मी तिच्या अटी बसून वाचल्या. माहिती कंपनीकडे पाठवणारी सतरा बटणं बंद केली. अपडेटनंतर त्यातली पाच पुन्हा चालू झालेली दिसली. तिथेही डिस्कला कुलूप होतं, पण त्याची एक किल्ली कंपनीकडच्या खात्यात राहायची. आपण विसरलो तर ती आपल्याला मिळते, म्हणजे आणखी कोणी मागितली तर त्यालाही मिळू शकेल, असा मी विचार केला. लोकांची कार्डं माझ्या भरवशावर होती.

पावसाळ्यात पाहुणे बंद असताना मी फुकट मिळणारी, कोणालाच काही न कळवणारी सिस्टिम टाकली. सगळ्या डिस्कला कुलूप घातलं, पेनड्राइव्हवरच्या प्रतीलाही तेच. रोज उघडायला छोटा पिन होता. मशीनचा भाग बदलला तरच चौसष्ट अक्षरांची लांब किल्ली लागणार होती, आणि तिची नक्कल जगात कोणाकडेच नव्हती. ती मी कागदावर लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, माळ्यावरच्या गणपतीच्या पाटाला खालून चिकटवली. त्या पाटाला वर्षभर कोणी हात लावत नाही.

ऑक्टोबरात वीज पडली आणि मदरबोर्ड जळला. मालवणच्या दुरुस्तीवाल्याने तो बदलला. मशीन चालू झाली आणि तिने लांब किल्ली मागितली.

"काका, डिस्क बरी आसा," तो म्हणाला. "पण कुलूप तुमचा, चावी तुमची. कंपनीची सिस्टिम असती तर खात्यातसून काढून दिली असती."

"चावी घरी आहे," मी म्हणालो.

माळ्यावर चढून पाट उलटा केला. चिकटपट्टीचा डाग तेवढा होता.

नागपंचमीला पाट नेहमीप्रमाणे गणपतीच्या शाळेत, मूर्तिकाराकडे गेला होता. त्यावर मूर्ती घडली, चतुर्थीला घरी आली. विसर्जनाला कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मीच पाट तीनदा बुडवला होता. पाट दरवर्षी जातो हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? तरीही पिशवी चिकटवताना माझ्या डोळ्यांपुढे तो माळ्यावरच होता.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "समुद्र खंयपर्यंत इलो, ह्यां चोरूक कोण येतलो?" ती म्हणाली. "कार्डांक कुलूप घालूचा होता तर कार्डांक घालूचा."

वेगवेगळ्या गोष्टींना मी एकच कुलूप घातलं होतं. पुढचे नऊ दिवस आठवतील ते तुकडे टाकून पाहिले. चौसष्टपैकी मला सहा अक्षरं आठवत होती.

दहाव्या दिवशी बंधाऱ्याचे इंजिनिअर आले.

"लेखी काही आहे?"

"आहे. उघडत नाही."

"अंदाजे सांगा ना."

पहिला आकडा एकशे अठरा फूट, शेवटचा एकसष्ट. हे दोन मला पाठ होते, पण पुरावा म्हणून लिहून द्यायला कागद नव्हता, आणि मधले आकडे रचायला मन घेईना. त्यांनी शेरा लिहिला, 'नोंदी उपलब्ध नाहीत', आणि जीप वळवली.

पौर्णिमेला टेपचं एक टोक बायकोने खांबाशी धरलं.

"किती?" तिने विचारलं.

"एकोणसाठ."

"खंय लिवतलात आता?"

मी चुलीतला कोळसा आणला आणि मागच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, तारखेसह आकडा लिहिला. समुद्र आत आला तर पहिली जाणार ती हीच भिंत.