आज्जाच्या पायावरचं पाणी

मठात फोटो लावायचाय म्हणून परवा चारपाच माणसं घरी आली होती. "सिंधुताई, मन्मथअप्पांबद्दल दोन शब्द सांगा. तुमचे सख्खे आज्जा. देवमाणूस! नव्वदीच्या पुढं जगले, शेवटपर्यंत दात शाबूत." दात शाबूत होते, हे मात्र खरं. मी म्हणलं, मग दातांचंच सांगू का? माणसं चहा न पिता उठून गेली. जाऊ द्या. या वयात मला कुणाचं भ्या हाय?

कशाचा देवमाणूस! ऐका आता, कसा होता ते.

लातूरच्या गंजबाजारात आज्जाची आडत होती. निजामाचा काळ. शेतकऱ्यानं कापूस, शेंगा आणायच्या, आज्जानं मधे पडून त्या व्यापाऱ्याला विकून द्यायच्या. उंच, गोरा, चुन्यासारखा पांढराफेक फेटा. पहाटे लिंगपूजा, मग भिजवलेली खारीक, मग हकिमाचं ताकदीचं माजून, मग तूप. घरात दुसऱ्या कुणाच्या ताटात तूप पडलेलं मी पाहिलं नाही. कुणी साधं शिंकलं तरी त्याला परसात बसवायचा. मरणाला इतका भिणारा माणूस मी पुन्हा बघितला नाही.

सगळ्यांच्या घरी दिवेलागणीला लेकरं मोठ्यांच्या पाया पडतात अन् मोठी माणसं 'औक्षवंत हो' म्हणतात. आमच्या घरात उलटी तऱ्हा. ओंजळीत पाणी घ्यायचं, आज्जाच्या पायावर सोडायचं अन् म्हणायचं, "माझं आयुष्य तुम्हाला लागो." आई लेकराला जे म्हणते, ते हा म्हातारा लेकरांकडून स्वतःसाठी म्हणवून घ्यायचा. ऐन तारुण्यात एकदा मरता मरता वाचला होता, तेव्हा कुण्या बैराग्यानं कानात सांगितलं होतं म्हणे, की घरच्या माणसानं मनापासून दिलं तर लागतं. तेव्हापासून घरात हे चालू. माझे काका म्हणायचे, ते प्लेगात गेले. आजी म्हणायची, ती मानमोडीच्या साथीत गेली. माझे वडील, अण्णा, पोरवयापासून म्हणत आले, ते पटकीत एका दिवसात गेले. मागं राहिलो मी, माझी आई गौरम्मा अन् आज्जा. आईला मी अव्वा म्हणायची. अव्वाला दमा, म्हणून तिचं आज्जाला नको होतं; अण्णा गेल्यावर पाणी सोडायला मी एकटीच उरले होते, अन् मी रोज आनंदानं सोडायची. पाणी सोडलं की आज्जा खडीसाखर द्यायचा ना! लेकराला काय कळतंय?

त्या साली सिद्धेश्वराच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. मुका सिनेमा, तोही कुठल्या परक्या मुलखातला. मधे मधे अक्षरं यायची, ती तंबूत कुणाच्या बापाला वाचता येत नव्हती. म्हणून हैदराबादेकडचा एक माणूस पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगायचा. गावात बोभाटा झाला, कधीच न मरणाऱ्या माणसाचा खेळ आलाय. एरवी जत्रेतल्या गर्दीला नाक मुरडणारा आज्जा चक्क आम्हाला घेऊन निघाला. तो पुढं गालिच्यावर बसला. बायकांना पडद्याच्या मागच्या अंगाला बसवलं होतं. पडदा पाण्यानं भिजवला की मागूनही दिसायचं, फक्त उलटं.

अगं बाई गं, काय तो सिनेमा! भूत नाही, राक्षस नाही. भिंती सगळ्या वाकड्या, दारं तिरकी. एक म्हातारा सरदार लांबलचक मेजावर जेवायला बसलेला. भोवती त्याची सगळी माणसं, बायको, पोरं, सुना. सगळे उभे राहतात, आपापला पेला उंच करतात, सरदाराच्या पेल्याला लावतात अन् पितात. नंतर कळलं मला, त्या लोकांत ती रीतच आहे, एकमेकांना बरं चिंतायची. पण तंबूतल्या त्या सांगणाऱ्याला ते कुठलं माहीत? पेला पेल्याला लावलेला बघून तो ओरडला, "देखो देखो, मायबाप! हे लोक आपलं आयुष्य म्हाताऱ्याच्या पेल्यात ओतून राहिले!"

अव्वानं माझा हात असा दाबला, की मी कळवळले.

पुढच्या जेवणाला एक खुर्ची रिकामी. सरदाराचे केस जरा काळे. पुन्हा पेले, पुन्हा एक खुर्ची रिकामी. तो आपला जेवतोय. कुणी रडत नाही, कुणी विचारत नाही. शेवटी मेजावर तो अन् एक लहान पोरगी. पोरगी पेला उचलते. मग तो एकटाच. जेवतोय, जेवतोय, दाढीवरनं रस्सा गळतोय, अन् खेळ खलास! लोकांनी गिल्ला केला, "अरे पुढं काय? मेला का न्हाई?" बायका लेकरं छातीशी धरून उठल्या. त्या अख्ख्या तंबूत एकटा आज्जा तेवढा खुशीत. त्यानं सांगणाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, "हा राजा पुढं किती वर्षं जगला हो?" मी ऐकलंय. माझ्या कानांनी.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अव्वानं मला परसात लाकडं मोजायला बसवलं. तिसऱ्या दिवशी शेजारी धाडलं. आज्जाचं जेवण कमी झालं. हाका मारायला लागला, "सिंधु, कुठं हायीस गं? पाणी राहिलंय." अन् त्याच आठवड्यात मला मुदतीचा ताप भरला.

ताप हटेना. डॉक्टरचं औषध झालं, अंगारा झाला. माझी हाडं वर आली. अव्वाला तंबूतली ती पोरगी डोळ्यांपुढून हलेना. एका दुपारी आज्जा जेवून हात धूत होता. मी मधल्या खोलीत पडलेली, दार उघडं. अव्वा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. सासऱ्यापुढं कधी मान वर न केलेली बाई ती.

"मामंजी, एक मागते. पोरीच्या डोक्यावर हात ठेवा अन् म्हणा, तुझं तुला परत दिलं. एवढंच म्हणा."

आज्जा म्हणाला, "अन् लागलं तर?"

"लागू द्या की. त्याच्यासाठीच तर मागते."

"मग मी कशावर जगू?"

थट्टा नव्हती हो. खरंच विचारत होता.

अव्वा आणखी एक पाऊल पुढं सरकली. मग म्हणाली, "असं असंल तर माझं घ्या. उरलंसुरलं समदं घ्या. तिचं सोडा."

बाजारात बैल घेताना बघतात तसं आज्जानं तिला वरून खाली बघितलं. "तुला तर दमा हाय गौरम्मा. तुझं असं कितीक उरलं असंल?"

"असंल तेवढं."

"बरं. पाणी आण."

अव्वानं पाणी आणलं. त्याच्या पायावर सोडलं. म्हणायचं ते म्हणाली, स्पष्ट, मला सगळं ऐकू येईल असं. आज्जानं धोतराच्या सोग्यानं पाय पुसले.

"आता पोरीचं सोडा," अव्वा म्हणाली.

"बघू," असं म्हणून आज्जा वामकुक्षीला गेला.

आता तुम्ही मला शहाणपण शिकवाल. आजी, असं आयुष्य कुणाचं कुणाला लागतं का? नाही लागत! मला काय येडी समजता? प्लेग उंदरांनी आणला. पटकी पाण्यातनं येते, पण पायावरच्या पाण्यातनं नव्हे. सगळं कळतंय मला. पण तो मानत होता ना! त्याच्या मनानं त्याच्या मुठीत माझा जीव होता, अन् नुसती मूठ उघडायची होती. ती त्यानं उघडली नाही, वर सुनेचाही जीव घेतला अन् पडून घोरला. अशा माणसाच्या फोटोला मी हात जोडू? माझी जीभ झडली तरी मी त्याला चांगलं म्हणणार नाही.

अव्वानं त्याच दिवशी देगलूरला माझ्या मामाला निरोप धाडला. रेवणसिद्धमामा आला, त्यानं मला गोधडीत गुंडाळून मोटारीत घातलं. आज्जा ओट्यावर बसून सुपारी कातरत होता. त्यानं अडवलं नाही. "पोरीला बरं वाटलं की घेऊन ये," एवढंच म्हणाला. अव्वानं मागं वळून बघितलं नाही.

देगलूरला माझा ताप उतरला. मामी डोक्यावर हात फिरवून सारखी तेलुगूत काहीबाही पुटपुटायची अन् मला आंबील पाजायची. अव्वा परत सासरी गेली नाही. लोकांनी नावं ठेवली, सासऱ्याला म्हातारपणी टाकून आली म्हणून. तिनं कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. पापड लाटून दिले, शेवया करून दिल्या, भावाच्या घरात मान खाली घालून राहिली. थंडी पडली की तिचा दमा उसळायचा. श्वास लागला की लातूरच्या दिशेला तोंड करून म्हणायची, "घ्या मामंजी, घ्या." अन् माझ्याकडं बघून हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. मी म्हणायची, अव्वा, असं काही नसतं. ती म्हणायची, "नसू दे की. तू हायीस ना?"

रझाकारांची गडबड सुरू व्हायच्या आधी, माझं लग्न झालं त्याच थंडीत अव्वा गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. ओसरीवर अव्वाला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. जंगम मंत्र म्हणत होता. तेवढ्यात लातूरहून आज्जा आला. ताठ. हातात काठी, ती नुसती शोभेला. केस पार पांढरे, पण गाल लाल.

लोकांनी वाट करून दिली. आज्जा अव्वापुढं उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नाही सांगत. त्यानं तिला हात जोडले अन् सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लई इमानी पोर होती हो. दिलेला शब्द पाळला."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. किती जीव होता सासऱ्याचा सुनेवर, म्हणाल्या.

मी ओरडले. अव्वाचा हात धरून ओरडून सांगायला लागले, त्या दुपारी काय झालं होतं ते. दोघीतिघींनी माझ्या तोंडावर पदर दाबला अन् मला ओढत आत नेलं. आई गेल्यानं पोरीचं डोकं फिरलंय, असं बाहेर कुणीतरी आज्जाला समजावत होतं.