ट्रेव्हर ‘जमवतो’ म्हणाला

ट्रेव्हर ऑर्मरॉडच्या बुटांच्या लेस त्या दिवशी मी बांधल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जो सगळा घोळ झाला त्यात माझाही हात आहे, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

इंग्लंडमधल्या लँकशरच्या या खोऱ्यात मी नर्स म्हणून आले त्याला एकतीस वर्षं झाली. ट्रेव्हर पहिल्या दिवसापासूनचा शेजारी, दोन घरांमध्ये भिंत एकच. तो बुटांच्या कारखान्यात होता. सोळाव्या वर्षी लागला आणि छत्तिसाव्या वर्षी संधिवातानं त्याला घरी बसवलं. बोटं आल्याच्या कुड्यांसारखी वेडीवाकडी झाली, दोन्ही खुबे बदलले, मग एक गुडघा. तरी कुणी विचारलं, “कसा आहेस?” की उत्तर ठरलेलं. “बरा आहे. तक्रार नाही.” इथल्या माणसांना ही खोडच आहे. पाय तुटून हातात आला तरी म्हणतील, जरा खरचटलंय.

त्याला जुना अपंग भत्ता मिळायचा. कागदावर स्वच्छ छापलेलं होतं, ‘कायमचा’. त्यातला प्रवासाचा भाग परस्पर जाऊन त्याबदल्यात त्याला एक गाडी मिळालेली होती. गिअर नाहीत, सीट उंच आणि स्टिअरिंगला तळहातात मावेल अशी मोठी मूठ. मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झालेली बाई, त्यामुळे माझा किराणाही त्याच गाडीतून यायचा. पण गाडी खरी होती कॉलिनसाठी.

कॉलिन त्याचा धाकटा भाऊ. त्याला डाउन सिंड्रोम आहे. आई गेल्यापासून तो डोंगरापलीकडच्या गावात, अशाच सहा जणांच्या घरात राहतो. चौदा मैल. दर शनिवारी ट्रेव्हर त्याला घेऊन यायचा, दोघं गावच्या क्लबची फुटबॉलची मॅच बघायचे, मटणाचा ‘पाय’, म्हणजे सारण भरून भाजलेली इथली कचोरी, आणि मटार खायचे आणि गोलकीपरला मनसोक्त शिव्या द्यायचे. बावीस वर्षांत चुकलेले शनिवार ट्रेव्हरला बोटांवर सांगता यायचे. शनिवारी कॉलिन सकाळच्या नाश्त्यापासूनच कोट घालून खिडकीत बसायचा. काढ म्हटलं तर चिडायचा.

आणि मग ते पत्र आलं. जुना भत्ता बंद होणार, नव्यासाठी नव्यानं अर्ज करा, नाही केलात तर आहे तोही थांबेल.

ट्रेव्हर पत्र घेऊन माझ्या दारात उभा राहिला. “तू शिकलेली आहेस, मला एक सांग. कायमचा म्हणजे यांच्यात किती दिवस असतं?”

फॉर्म चाळीस पानांचा. बोटांनी पेन धरवत नाही म्हणून लिहायला मी बसले, आणि आमची भांडणं सुरू झाली.

“स्वयंपाक करता येतो का?” मी वाचलं.

“जमवतो.”

“काय जमवतोस? डबा मायक्रोवेव्हमध्ये टाकतोस. आणि तो उघडून कोण देतं? मी.”

“मग झालंच ना जमवून.”

“कपडे घालता येतात का?”

“जमवतो.”

“ट्रेव्हर, तुझ्या शर्टाची बटणं मी लावते!”

“अगं हळू बोल, भिंतीला कान आहेत. आणि फॉर्म कुणाचा आहे, तुझा की माझा?”

फॉर्म त्याचा होता. मी जेवढं खरं घुसडता आलं तेवढं घुसडलं, बाकी त्यानं खोडायला लावलं. चाळीस वर्षं आजारी माणसांत काढलेली मी, पण या माणसापुढं मी हात टेकले.

मग तपासणीची तारीख आली. बाई घरी येणार होती, सकाळी अकराला. ट्रेव्हरनं सात वाजताच भिंतीवर काठीनं ठोकलं. गेले तर पलंगावर इस्त्रीचा शर्ट, टाय आणि आदल्या दिवशी माझ्याकडून पॉलिश करून घेतलेले काळे बूट मांडलेले.

“घरच्या सपाता घालून बस ना,” मी म्हटलं. “रोज बसतोस तसाच.”

“सरकारी माणूस येणार आणि मी सपातांत? वीस वर्षं बूट शिवलेत मी. आई थडग्यातून उठून कानाखाली देईल.”

या खोऱ्यात डॉक्टरकडं जातानासुद्धा लोक नवी बनियन घालतात, तिथं याला काय सांगायचं? मी त्याची दाढी केली. बटणं लावली, टाय बांधला, गुडघ्यावर बसून लेस बांधल्या. तास-दीड तास गेला. तेवढ्यात तो दोनदा कळवळला आणि दोन्ही वेळा खोकल्याचं नाटक केलं. मग म्हणाला, “आता तू घरी जा. शेजारीण कपडे चढवते हे त्या बाईनं बघायला नको.”

आणि मी गेले! तिथंच बसायला हवं होतं मी. पण त्याचा चेहरा बघून मला थांबवेना.

त्यानं काठी कपाटामागं लपवली, भिंतीला धरून धरून स्वतः जाऊन दार उघडलं. “कसे आहात?” बाईनं विचारलं. “बरा आहे, तक्रार नाही,” हा म्हणाला. “बुटांच्या लेस बांधता?” “जमवतो.” हे सगळं त्यानंच मला नंतर सांगितलं, तेही अभिमानानं. पोरगी फार गोड होती म्हणे.

निर्णयाच्या पत्रात त्या गोड पोरीनं लिहिलं होतं : दाढी व्यवस्थित, पोशाख नीटनेटका, टाय बांधलेला, बूट लेसचे. कोणत्याही आधाराशिवाय दारापर्यंत आले. चेहऱ्यावर वेदना दिसल्या नाहीत. कपडे घालण्यात अडचण, शून्य गुण. चालण्यात, किरकोळ. भत्ता जवळजवळ सगळा गेला आणि त्याबरोबर गाडी.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. खात्याला फोन लावला. पन्नास मिनिटं तीच एक सनई वाजत होती, मग एक मुलगा म्हणाला की अर्जदाराशिवाय कुणाशी बोलता येणार नाही. ट्रेव्हरच्या कानाला फोन लावला. मुलानं विचारलं, “कसे आहात सर?” आणि हा माणूस म्हणाला, “बरा आहे.” तो फोन त्याच्या डोक्यात घालावासा वाटला मला.

फेरविचाराचा अर्ज केला. त्यांनी फेरविचार केला आणि तेच पत्र नव्या तारखेनं पाठवलं. मग अपील. अपिलाची तारीख लागायला अकरा महिने.

गाडी नेली तो दिवस गुरुवार होता. दोनच दिवसांनी, शनिवारी, ट्रेव्हर बसनं निघाला. दोन बस बदलायच्या, मधे चढाचा रस्ता. एकदा पोचला. दुसऱ्या वेळी बसथांब्यावर पडला आणि रुग्णवाहिकेतून परत आला. तिकडच्या घरी शनिवारी माणसं कमी, कॉलिनला इकडं आणायला कुणी मोकळं नसायचं. टॅक्सी दोनदा केली, तिसऱ्यांदा परवडेना. फोनवर कॉलिन बोलत नाही, नुसता श्वास घेतो. ट्रेव्हर त्याला सांगायचा, “गाडी नेली रे आपली. आणतो परत.” पलीकडून श्वास.

तिथल्या बाईनं मला सांगितलं की त्यानंतर सात शनिवार कॉलिन कोट घालून खिडकीत बसला. आठव्या शनिवारी बसला नाही. मी हे ट्रेव्हरला सांगितलं नाही.

अपिलाला मदत करणाऱ्या सल्ला केंद्रातल्या माणसानं आधीच बजावलं होतं, रोज असता तसेच या. ट्रेव्हर टाय लावून तयार. “कोर्टात सपाता? मी?” पुन्हा मीच गुडघ्यावर बसले. पण या वेळी मी घरी जाणार नव्हते.

समोर तिघं होते. न्यायाधीश बाई, एक डॉक्टर आणि एक चाकाच्या खुर्चीतले गृहस्थ. बाईंनी विचारलं, “आज सकाळी उठल्यापासून इथं येईपर्यंत काय काय केलंत?”

“उठलो. आवरलं. आलो.”

“कसं आवरलंत?”

“जमवलं.”

“खोटं बोलतोय तो!” मी उभीच राहिले. “लेस मी बांधल्यात! तेव्हाही मीच बांधल्या होत्या!”

“बाई, बसा,” न्यायाधीश म्हणाल्या. “त्यांना बोलू द्या.”

ट्रेव्हर टेबलाकडं बघत राहिला. कॉलिनचा विचार त्याच्या मनात आला असणार, दुसरं काही त्याला बोलतं करू शकलं नसतं. अगदी खालच्या आवाजात तो म्हणाला, “पँट ही चढवते मला. संडासात जायला उशीर होतो कधी कधी. मग तेही हीच... नर्स होती ती. मला माणूस म्हणून राहायचं होतं, साहेब. म्हणून टाय.”

चाकाच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. तासाभरात निकाल लागला. सगळं मंजूर, गाडीसकट. फक्त कायमचं नाही, तीन वर्षांसाठी. तीन वर्षांत त्याला नवी बोटं फुटणार आहेत असं त्यांना वाटत असावं.

बाहेर आल्यावर मी पेढे वाटायच्या बेतात होते आणि ट्रेव्हर माझ्याशी बोलत नव्हता. दहा दिवस बोलला नाही. अकराव्या दिवशी भिंतीवर ठोकलं, “शनिवारी येणार का? गाडी आलीय.”

गेलो. त्यानं वाटेत गरम पाय घेतले, मटारही घेतले. दार कॉलिननंच उघडलं. पोट सुटलं होतं, केस बारीक कापले होते.

“चल रे,” ट्रेव्हर म्हणाला. “दोनला मॅच आहे.”

“शनिवारी मी पोहायला जातो,” कॉलिन म्हणाला. “मार्लीनबरोबर.” मार्लीन ही त्या घरातली नवी मदतनीस.

“आज नको जाऊस. आज मी आलोय ना.”

“तू आला नाहीस.”

“अरे, गाडी नव्हती माझ्याकडं. सांगत होतो ना फोनवर?”

“मार्लीनकडं बस आहे,” कॉलिन म्हणाला आणि पोहण्याची पिशवी आणायला आत गेला.

मी तिथल्या तिथं त्या खात्याला, त्या गोड पोरीला, त्या सनईला मराठीत शिव्या हासडल्या. ट्रेव्हर म्हणाला, “गप गं. त्याचं बरोबर आहे.” आम्ही गाडीत बसून पाय खाल्ले. त्याचा मला तुकडे करून भरवावा लागला.

तेव्हापासून दर शनिवारी ट्रेव्हर चौदा मैल जातो, दारात उभा राहून विचारतो, “आज येतोस?” कॉलिन नीट विचार करतो आणि नाही म्हणतो. काल नववी खेप झाली. खात्यानं नाही म्हटलं तेव्हा अपील करायला वर कुणीतरी होतं.