साखऱ्याच्या वाटेवर आईची मांड

पौषातली सकाळ. हिंगोलीहून मित्राची मोटारसायकल काढली तेव्हा मी सदऱ्याखाली वर्तमानपत्र, त्यावर दोन स्वेटर, कानटोपी, मफलर आणि हातमोजे अशा जय्यत तयारीत होतो. आईने नऊवारीवर जाड चादरीची गाती मारली (दोन्ही टोकं छातीवरून तिरपी नेऊन मानेमागे गाठ) आणि एका बाजूला पाय सोडून बसली. साखऱ्याला बहिणीचं दुसरं बाळंतपण झालं होतं, दुसरं म्हणून सासरीच. आता महिनाभर आई तिथे राहणार होती.

"आई, कासोटा आहेच. दोन्हीकडे पाय टाकून बस."

"व्याह्यांच्या गावात तशी जाऊ? जलमभर तुझ्या बहिणीला ऐकावं लागंल."

सेनगावपर्यंत सडक बरी होती. तिथे चहा घेतला. पुढे नुसती गाडीवाट, काळ्या मातीतल्या चाकोऱ्या वाळून दगड झालेल्या. तुरीवर धुकं होतं आणि वारा वर्तमानपत्रालाही जुमानत नव्हता. एका नाल्याच्या उतारावर मागचं चाक घसरलं आणि आई खाली पडली.

गाडी तशीच आडवी टाकून मी धावलो. तिचं कोपर सोलवटलं होतं.

"डिंकाचे लाडू फुटले का बघ," ती म्हणाली.

मी भडकलो. नीट बसणार असशील तर पुढे, नाहीतर इथूनच माघारी. तिने चहूकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. मग पदर खोचून तिने अशी मांड ठोकली की गाडी एकदम माझ्या ताब्यात आली. तिचे हात गारठले होते, म्हणून हातमोजे तिला दिले.

"वेशीच्या अलीकडं उतरव," तिने बजावलं.

पण वेशीअलीकडच्या शेतात विहीणबाईच कापूस वेचत होत्या. मनात म्हटलं, झालं! त्यांनी आईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अशा बसून आल्या? भेव न्हाई वाटलं?"

"बाजूनं बसले तवा पडले. अशी बसले, न्हाई पडले," आई म्हणाली.

त्या कापसाची ओटी सावरत आमच्यापुढे घराकडे निघाल्या. जेवताना बहिणीची मान खाली. पिठलं वाढता वाढता विहीणबाई माझ्यासमोर थांबल्या.

"लेकरा, बाळंतिणीपाशी आता तुझी माय हाय. जाताना मला डोंगरकड्याला सोडतूस? माझी लेक हाय तिथं. पोरीच्या लग्नापासून तिचं घर पाह्यलं न्हाई म्या. न्यायचं म्हनलं की समदे कामात."

व्याही खोकले. "सोडतो की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतः विहिणीची गाती बांधली, कासोटा ओढून पाहिला आणि माझा मफलर तिच्या डोक्यातोंडाला गुंडाळला. वाटभर विहीणबाई माझ्या खांद्याला घट्ट धरून होत्या.

हिंगोली मागे टाकून डोंगरकड्याला पोचायला दुपार झाली. एका दारात सूप घेऊन उभी असलेली बाई आमच्याकडे बघत राहिली.

"कोन पायजे तुमाला?"

विहीणबाईंना मफलर सुटेना.

"म्या हाय गं," त्या आतूनच म्हणाल्या. "तुझी माय."

मी हिंगोलीकडे एकटाच परतलो. मागची सीट रिकामी असताना गाडी फार उडते.