बोली लावून मिळालेली जागा

विमान कंपनीची मेल आली तेव्हा मी ऑफिसात डबा खात होते. 'बिझनेस क्लासमध्ये बसायचंय? तुमची किंमत तुम्हीच सांगा!' असं वर मोठ्या अक्षरात, आणि खाली एक बाई पांढऱ्या उशीवर डोकं टेकून हसतेय. आम्ही विम्याच्या ऑफिसातली माणसं. कुणी गोड बोलायला लागलं की आमची नजर आधी तळाच्या बारीक अक्षरांवर जाते. तिथं लिहिलं होतं की पुढच्या भागात काही जागा रिकाम्या आहेत, साध्या तिकिटाच्या वर किती देणार ते कळवा, बाकीच्यांनी किती लावले ते तुम्हाला दिसणार नाही, आणि पसंत पडलं तर निघायच्या आदल्या दिवशी सांगू. थोडक्यात, बोली.

तसल्या मेल दोन आल्या होत्या. एक आबांच्या नि माझ्या तिकिटावर. ती मी लगेच पुसून टाकली. दुसरी आईच्या तिकिटावर. आईचं तिकीट वेगळं निघालं होतं, कारण ती येणार की नाही हे शेवटपर्यंत ठरत नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर ती गडहिंग्लजच्या घरी न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरली आणि खुबा मोडला. कोल्हापुरात आणून ऑपरेशन केलं, आणि तेव्हापासून आई-आबा दोघंही माझ्याकडेच होते.

जायचं होतं इंग्लंडला, माझ्या धाकट्या भावाकडे. ऑपरेशनच्या वेळी त्याला येता आलं नव्हतं. त्याचे तिथले व्हिसाचे कागद नव्याने व्हायचे होते. मध्येच देश सोडला असता तर परत आत घेतलं असतं की नाही, कुणास ठाऊक. रोज फोन करायचा आणि रोज एकच वाक्य, "मी असाय पायजे हुतो गं, अक्का." एकदा बोलता बोलता रडायला लागला. फोन स्पीकरवर होता. आई पलीकडे कॉटवर पडून ऐकत होती.

त्या दिवसापासून तिने एकच धरलं. लेकाच्या पुढ्यात चालत जायचं. काठी नको, चाकाची खुर्ची तर नकोच नको. "मला चालत आल्यालं बघितलं की त्याच्या जिवाचा घोर जाईल," म्हणाली. मग आमच्या गॅलरीत तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी वॉकर, मग काठी, मग नुसता भिंतीला हात. दुखलं की ओठ दाबून धरायची, पण फेरी अर्धी सोडायची नाही. खालचा दूधवाला वर मान करून ओरडायचा, "काकी, आता मॅरेथॉनला नाव घाला!" मला कधी तिचा राग यायचा, कधी अभिमान वाटायचा. बहुतेक वेळा दोन्ही एकदम.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, पण एक अट घालून. "पाय लोंबकळत ठेवून एवढा वेळ बसल्या तर सुजणार. मग उतरल्यावर पाय टेकवणार नाही. पाय लांब करून आडव्या होऊन गेल्या, तर चालत उतरतील." विमानात आडवं कुठं व्हायचं? आम्ही दोन दिवस हाच काथ्याकूट करत होतो, आणि तेवढ्यात ही मेल आली.

आबा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी गडहिंग्लज डेपोत. त्यांना बोलीचं सांगितलं तर भडकलेच.

"तिकिटाची बोली? हा काय गुळाचा सौदा हाय व्हय? गाडी एक, डायवर एक, पोचणार एकाच टायमाला. मग फुडं बसून काय म्हसोबा पावतोय?"

"आबा, तिथं सीटचा पलंग होतो. बटण दाबलं की माणूस सरळ आडवं."

"पलंग?" त्यांचा आवाज उतरला. "मग तिच्यापुरतं लाव की. मला काय धाड भरलीया? मी उभ्यानं जन्म काढलाय."

भावाला फोन केला. बोलीचा आकडा त्यानेच ठरवला, पैसेही त्यानेच भरले. त्यासाठी त्याने सुट्टीच्या दिवशी जादा पाळ्या केल्या असणार. त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. "मला येता आलं न्हाय. निदान आई झोपून तरी यील," एवढंच म्हणाला.

मग आबांचं रोजचं पालुपद सुरू झालं. चहाचा कप हातात घेतला की, "लागली का बोली?" समोर कोण आहे ते दिसत नाही, याचा त्यांना फार राग. "सौद्यात समोरचा गडी दिसतोय तरी. तो किती हात आखडतोय ते कळतंय. ही नुसती आंधळी कोशिंबीर." मी म्हटलं, समोर कुणी नसेलही. तर म्हणाले, "मग आपुन कुणासंगं भांडालोय?"

आदल्या दिवशी सकाळी मी चपात्या लाटत असताना मोबाइल वाजला. लागली! आबा एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारीण लाटणं हातात घेऊनच आली. तिला सगळं सांगून झालं. आईच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण तिने मला विचारलं, "आणि ह्यांचं?"

"आबा आणि मी मागं."

"मागं आडवं हुता येतंय?"

"नाही गं. बसूनच जायचं."

ती डिंकाचे लाडू डब्यात भरत राहिली. मीही कपड्यांच्या घड्या घालायला लागले.

मुंबईच्या विमानतळावर ती खुर्चीत बसलीच नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू दारापर्यंत चालली. चालताना आमच्याकडे अशी बघत होती की जणू लेकाच्या पुढ्यातल्या चालीची ही शेवटची रंगीत तालीम. पुढच्या वर्गाच्या लोकांना आधी सोडतात, म्हणून ती आधी आत गेली. आम्ही रांगेतून मागाहून आलो, तर ती त्या भल्यामोठ्या खुर्चीत न्हाव्याच्या दुकानातल्या पोरागत बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते.

"पाय लांब कर गं," मी म्हटलं.

"करतो," म्हणाली. आमच्या भागातल्या बायका 'करतो, जातो' असंच बोलतात. पुण्याकडचे हसतात. हसू देत.

आबांनी वाकून तिला बटण दाखवलं. "ह्ये दाबायचं. घाबरायचं न्हाय. मोडलं तर त्यांचं मोडंल." मागची रांग खोळंबली होती, म्हणून आम्ही मागे आमच्या जागांकडे सरकलो. आम्ही बसलो, विमान उडालं, आणि विमानातल्या बायांनी मधला पडदा सरकवून घेतला.

थोड्या वेळाने आबा उठले आणि आईला बघायला निघाले. पडद्यापाशी एका हवाई सुंदरीने हात आडवा केला. आबा म्हणाले, "आमची मंडळी हायत आत." तिला काय कळणार! "सर, प्लीज," म्हणत तिने त्यांना गोड हसून परत पाठवलं. आबा लालबुंद होऊन आले. "हयात गेली माझी गाडीत फुडनं मागं नि मागनं फुडं करण्यात. मला कुणी अडवलं न्हाय आजवर." मग मी बेल दाबून तिला हिंदीत विचारलं, आमची आई ठीक आहे ना? ती आत जाऊन बघून आली. "आंटी एकदम आराम से हैं. कुछ माँगा ही नहीं." मला बरं वाटलं. आबांनाही.

आता आबांचं लक्ष आजूबाजूला गेलं. दिवसाउजेडी निघालेलं विमान, आणि आमच्या बाजूला निम्म्या सीट रिकाम्या. "आयला, गाडी मोकळी हाय की!" म्हणाले. उठले, मधल्या ओळीतल्या तीन रिकाम्या जागा हेरल्या. एका टोकाला खांद्यावरचा टॉवेल टाकला, दुसऱ्या टोकाला पिशवी ठेवली. आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल पडला की तिथं माणूस बसला, असाच हिशोब असतो. त्यावरून झालेल्या किती मारामाऱ्या आबांनी सोडवल्या असतील. एक गोरा माणूस येऊन तिथं बसायला लागला, तर आबा म्हणाले, "पावणं, जागा धरलीया." शुद्ध मराठीत. तो टॉवेलकडे बघून 'सॉरी' म्हणाला आणि गेला! मी तोंडावर हात धरून हसले.

जेवण झाल्यावर आबांनी सीटमधले हात वर केले, टॉवेलची उशी केली आणि आडवे झाले. खिडक्या बंद केल्या होत्या, अंधार होता. थोड्याच वेळात घोरायला लागले. पुढच्या ओळीतली बाई दोनदा मान वळवून बघून गेली. मी दुसरीकडे बघत होते. पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर कसलं ओझं नव्हतं. आई पुढे झोपलीय, आबा इथे झोपलेत. मीही डोळे मिटले.

विमान उतरलं. लोक बाहेर पडायला लागले तसे आम्ही पुढे गेलो. आई बसलेली होती. आम्ही सोडून गेलो तेव्हा जशी होती, अगदी तशीच. पांघरूण प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद, उशी मांडीवर. आणि खाली लोंबकळणारा पाय टम्म फुगलेला. चप्पल बाजूला पडली होती. ती पायात जाणं शक्यच नव्हतं.

"आई, झोपली नाहीस?"

"न्हाई."

"का गं? बटण लागलं नाही का?"

"बटणाला काय झालंय? ती पोरगी पण दोनदा आली, गादी घालतो म्हणाली. मीच नगं म्हटलं." मग आवाज खाली करून म्हणाली, "हे तिकडं बसून येणार, आणि मी हितं तंगड्या पसरून झोपू व्हय? बरं दिसतंय काय?"

मी आबांकडे बघितलं. त्यांच्या गालावर सीटच्या शिवणीचा वळ उमटला होता. डोळे अजून झोपेने जड.

"अगं ए बये!" आबा म्हणाले. "मी तीन शिटांवर आडवा पडलो हुतो! पोरीला इचार!"

आई माझ्याकडे बघत राहिली. मी होकाराची मान डोलावली.

"मला काय म्हाईत," ती म्हणाली. "मधी पडदा लावल्याला."

आबा चिडले. तिच्यावर, माझ्यावर, पडद्यावर, त्या हसऱ्या पोरीवर. "एवढं लेकरानं पैसं घातलं, बटण दावलं, डागदरनं सांगितलं. आणि तू माझी सोबत कराय बसलीस! कुणी सांगितलं हुतं?" मलाही दोघांचा भयंकर राग आला होता. एवढ्या फेऱ्या, एवढी ओठ दाबून सोसलेली दुखणी, सगळं पाण्यात. आईने खुर्चीचे हात धरले आणि उठायचा प्रयत्न केला. पाय टेकला आणि तशीच मागे बसली. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मग आबांनी वाकून तिची चप्पल उचलली.

चाकाची खुर्ची मागवावी लागली. लांबलचक बोळातून जाताना ती म्हणाली, "आता त्याला काय वाटंल?" आबा शेजारून चालत होते, तिची एक चप्पल हातात घेऊन.

बाहेर कठड्याला रेलून भाऊ उभा होता. वाळला होता. आम्हाला बघून हात वर केला, आणि खुर्ची दिसल्यावर तो हात तसाच खाली आला. पळत आला, आईच्या पुढ्यात खाली बसला.

"आई, चालत येणार हुतीस न्हवं?"

"फुकट बसवत्यात म्हणं. म्हणून बसलो." साडी तिने आधीच पायावर ओढून घेतली होती. "वाळलास किती रं?"

त्याने तिचे दोन्ही हात धरले. त्याला अजून एक विचारायचं होतं, आणि विचारायची भीतीही वाटत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"पर तिथं आडवी झालीस न्हवं? झोप लागली?"

"व्हय तर. पाठ टेकली, ते हितं आल्यावरच डोळं उघडलं."

त्याने मान वर करून आबांकडे बघितलं. आई आपल्यासाठी काहीही खोटं बोलेल, हे त्याला लहानपणापासून माहीत. आबा मात्र खोटं बोलत नाहीत. सख्ख्या मेव्हण्याला बिनतिकिटाचा धरून भर गाडीत दंड करणारा माणूस. त्यावरून आजोळी दोन वर्षं त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"आबा, खरंच झोपली?"

आबांनी चप्पल पाठीमागे नेली.

"झोपली म्हंजे?" ते म्हणाले. "घोरत हुती. पार मागं आमच्यापत्तोर ऐकू येत हुतं."