हसरी बांगडी, रुसकी बांगडी

संस्थानच्या काळात मी भोरला चित्रकला शिकत होतो, म्हणजे खरं तर खोडरबर झिजवत होतो. एक रेघ काढायची आणि तीन पुसायच्या, ही माझी पद्धत. आमच्या चित्रकलेच्या सरांनी पहिल्याच महिन्यात सगळ्यांची रबरं गोळा करून कोटाच्या खिशात टाकली. पेन्सिल उचलायची नाही, कागदाकडे बघायचं नाही, डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं न्यायचा आणि हातानं त्याच्या मागून जायचं, असा त्यांचा दंडक. समोर दिसतंय तेवढंच काढायचं; मनातलं कागदावर आणाल तर कान पिळीन, म्हणायचे.

कडा मला जमल्या. पण मी काढलेला हात भाकरीसारखा चपटा यायचा. शेवटी सरांनी सांगून टाकलं, सोमवारी गोल हात दाखव, नाहीतर परीक्षेला नाव पाठवणार नाही. परीक्षा नाही म्हणजे घरी जाऊन चुलत्यांबरोबर नांगर धरायचा. वडील आदल्याच वर्षी गेले होते आणि मला ही एक वर्षाची मुदत मोठ्या मिनतवारीनं मिळाली होती.

सर नुसते धमकावून थांबले नाहीत. त्यांनी लाकडी रुळात एक काचेची बांगडी अडकवली, रूळ उभा धरला आणि बांगडी माझ्या डोळ्यांच्या वर नेली. तिची पुढची कड कमानीसारखी दिसली. "ही रुसली," सर म्हणाले. मग ती डोळ्यांच्या खाली आणली. तीच कड आता मधे झुकली. "ही हसली. हाताभोवती अशा रेघा फिरव, हात आपोआप गोल होईल."

जन्मल्यापासून बांगड्या बघत आलो होतो, पण त्या हसतात आणि रुसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी थक्क झालो. त्या दिवशी बाजारात दिसेल त्या बाईच्या मनगटाकडे बघत सुटलो. मार खाल्ला नाही, हे नशीब.

शनिवारी डोंगर ओलांडून वेल्ह्याकडच्या आमच्या गावी गेलो. रविवारी सकाळी आई जात्यावर नाचणी दळत होती. म्हटलं, खुंटा धरून जरा तशीच बस. ती बसली. मी तिच्या कोपरापासून निघालो आणि हळूहळू मनगटाशी आलो. तिथं रेघ आडवी वळवली, हाताभोवती फिरवली, आणि मग एकीखाली एक अशा सहा रेघा झाल्या. सगळ्या हसऱ्या. कागदाकडे बघितलं तर हात कागदातून वर आला होता. त्याला मागची बाजू होती. मी ती काढलीच नव्हती, तरी ती तिथं होती. माझ्या अंगावर काटा आला. देवळातसुद्धा मला असं कधी झालेलं नव्हतं.

तेवढ्यात चुलती डोकावली आणि चित्र बघून जागीच थांबली.

"आक्कांच्या हातात काकणं भरलीस व्हय रं?"

तेव्हा कुठं मला दिसलं. वडील गेल्यापासून आईचे हात मोकळे होते, आणि मी नेमक्या तिथंच सहा रेघा ओढल्या होत्या. लाजेनं मेल्यासारखं झालं. रबर भोरला सरांच्या खिशात. अंगठा ओला करून पुसायला गेलो.

"पुसू नगंस," आई म्हणाली.

तिनं कागद मांडीवर घेतला. चुलती आत गेली. आई बोटानं रेघा मोजू लागली.

"सात व्हती," ती म्हणाली. "सातवं ह्या हाडावर अडकायचं. दळताना खाली येत नव्हतं."

तिनं मनगटाचं हाड दाखवलं. मी विचारलं, सरळ की तिरकं? तिरकं, ती म्हणाली. मी तसं काढलं. मग तिनं कागद माझ्या हातात दिला आणि पुन्हा दळायला लागली.

सोमवारी सरांनी चित्र खिडकीशी नेऊन बघितलं आणि परीक्षेच्या यादीत माझं नाव लिहिलं. मग सातव्या बांगडीवर बोट ठेवून सगळ्या वर्गाला म्हणाले, "ही बघा, हाडावर अडकलीय. समोर असल्याशिवाय हे कुणाला सुचत नाही."

मी होय म्हणालो. ती फक्त आईला दिसत होती, एवढं सांगायला मात्र माझी जीभ उचलली नाही.