हातापेक्षा लांब खडस

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विचारणारं कुणी नव्हतं, असं नाही. सुभेदाराच्या मुलानं विचारलं, माझ्या बायकोनं विचारलं आणि शेवटी खुद्द सुभेदारानंही विचारलं. प्रत्येक वेळी मी विषय बदलला. त्यात मी तरबेज आहे. कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक म्हणून जन्म काढला, तिथं दुसरं शिकलो काय?

आम्ही सांगली-साताऱ्याकडची निवृत्त मंडळी, गळानं मासे धरणारी. पोटासाठी जाळं टाकणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आम्ही हौशी. पुण्याहून मागवलेले रॉड, सतरा खिशांची जाकिटं आणि त्या खिशांत रक्तदाबाच्या गोळ्या. आमचे अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांना सगळे 'साहेब' म्हणायचे. नोकरीभर नदी अडवली असल्यामुळं मासे आपल्याला विचारून पोहतात, अशी त्यांची समजूत होती. मी सेक्रेटरी. आमच्यात काही लिहून ठेवायची पद्धत नव्हती. जे ठरेल ते सेक्रेटरीनं लक्षात ठेवायचं, एवढंच माझं काम.

साताऱ्याच्या वरच्या अंगाला एका धरणाच्या फुगवट्यावर आम्ही जायचो. तिथल्या मच्छीमार सोसायटीनं दोन अटींवर परवानगी दिली होती. माणशी दिवसाला दोनच मासे घ्यायचे आणि वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडायचा. या अटींचं आम्हाला कोण कौतुक! लग्नामुंजीत भेटेल त्याला सांगायचो, की आम्ही काही वाटेल तसे मासे मारत नाही, आमचे नियम आहेत.

नियम पाळायचो कसे, तेही सांगतो. माणशी दोन म्हटल्यावर माणसं वाढायची. गाडीत झोपलेला ड्रायव्हर, ज्यानं जन्मात गळ हातात धरला नव्हता, त्याच्या नावावर दोन. कुणाची बायको वाईला देवदर्शनाला उतरलेली असायची, तिच्याही नावावर दोन. मासा वितीला कमी पडला, की शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरून जवळ आणायची. त्यानं मासा बोटभर वाढतो. तरीही नाही पुरला, तर त्या कामासाठी आमच्या एका मेडिकल दुकानदाराची वीत होती. बुटका माणूस, हात लहान मुलासारखे. त्याला हाक मारली, की कुठलाही मासा मापात बसायचा. आणि चिलापी तर आम्ही मोजायचोच नाही. "चिलापी म्हणजे काय मासा आहे का?" असं म्हणून पिशवी भरायची.

सगळ्यांत मोठा अभिमान श्रावणाचा. श्रावणात आमचे गळ बंद. साहेब त्याला 'माशांची सुट्टी' म्हणायचे. खरं कारण असं, की श्रावणात आमच्या घरात मासा शिजत नसे. आणि त्याच्या आधीच्या आषाढात, जेव्हा ओढ्यांना पाणी येतं आणि अंड्यांनी भरलेल्या माद्या उलट्या चढायला लागतात, तेव्हा आम्ही नेमके ओढ्याच्या तोंडाशी खुर्च्या टाकून बसलेले. गाभोळी तळून खायची आणि मग महिनाभर सोवळं.

हे तोंडावर बोलणारा एकच होता. सुभेदार. "आषाढात पोटुशी मारायची आन श्रावणात माळा वढायच्या. लय भारी नियम हाय तुमचा," असं तो म्हणायचा.

सुभेदार माझा शेजारी. मूळचा जतच्या पलीकडचा. घराणं मेंढरं राखणारं. लहानपणी त्यानं पाणी बघितलं ते टँकरचं. फौजेत गेल्यावर उत्तरेकडच्या कुठल्याशा नदीवर एका अधिकाऱ्यानं त्याच्या हातात रॉड दिला, आणि तेव्हापासून हा नाद. तो काही संत नव्हता. दुसऱ्याचं वाक्य तोडायचा, मोठ्यानं बोलायचा, गळाला लावायच्या कणकेत काय मिसळतो ते मेला तरी सांगायचा नाही. मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून फुगवट्यावर जायचो आणि सांगलीपासून कऱ्हाडपर्यंत त्याचं भाषण ऐकायचो. पण मासा हातात घेताना तो आधी हात ओले करायचा. आमच्यात तेवढं दुसरं कुणी करत नव्हतं.

एका उन्हाळ्यात साहेबांच्या बंगल्यावर बैठक होती. त्यात सुभेदारानं मागणी केली, की लहान मासा सोडतो तशी मोठी मादीही सोडायची. महसीर जातीची खडस हातापेक्षा लांब, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापापेक्षा मोठी मिळाली, तर ती पाण्यात परत. तीच खरी बी धरणारी. साहेब म्हणाले, "वा, उत्तम सूचना." सगळ्यांनी माना डोलावल्या. का नाही डोलावणार? तेवढी खडस आमच्यापैकी कुणाला मिळाली नव्हती, मिळेल असं कुणाला वाटतही नव्हतं. जे कधी हाताला लागणारच नाही, ते सोडून द्यायला कुणाचं काय जातं? हात वर झाले. काहींच्या मुठीत भडंग होतं. मी हात मोजले. विरोधात कुणी नव्हतं. माझाही हात वर होता.

आणि त्याच आषाढात साहेबांच्या गळाला खडस लागली.

पाऊस भुरभुरत होता. ओढ्याच्या तोंडाशी साहेबांचा रॉड असा वाकला, की ते खुर्चीसकट पुढं ओढले गेले. मग आमचा सगळ्यांचा सल्ला सुरू. कुणी म्हणे ढील द्या, कुणी म्हणे ओढा. साहेब लालबुंद. सुभेदार तेवढा बुटांसकट पाण्यात उतरला, कमरेएवढ्या पाण्यात वाकून उभा राहिला आणि मासा दमल्यावर त्यानं तो दोन्ही हातांवर घेतला. सोनेरी खवल्यांची, पोट टच्च फुगलेली मादी.

"आण वर. फोटो काढू," साहेब म्हणाले.

सुभेदारानं आपला हात तिच्या अंगाला लावून बघितला. त्याच्या बोटांच्या पुढं तिची शेपटी चांगली बाहेर होती.

"आवं साहेब, हाताच्या वर हाय ही."

"मग?"

"मंग काय, सोडायची."

सगळे हसले. तेवढ्यात त्यानं तिच्या ओठातला गळ काढला आणि हात पाण्याखाली नेऊन मोकळे केले. ती क्षणभर तिथंच राहिली, मग दिसेनाशी झाली. हसणं थांबलं.

"कुणी सांगितलं तुला सोडायला?" साहेबांचा आवाज चिरका झाला होता.

"कुनी म्हंजी? मीटिंगमधी ठरलंय की. ह्यो सेक्रेटरी हाय, इचारा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्या दिवशी माझे गुडघे धरले होते, म्हणून मी मोटारसायकलवर न येता साहेबांच्या गाडीतून आलो होतो. परत जायचं होतं ते त्याच गाडीतून. काचा बंद, आत गारवा, मागची मऊ सीट. एवढंच. याहून मोठं कारण माझ्याकडं नाही. असतं तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "चर्चा झाली होती. ठरलं असं काही नव्हतं."

सुभेदार चिडला नाही. तो चिडेल, असं मला वाटलं होतं आणि चिडला असता तर मलाही बळ आलं असतं. तो नुसता बघत राहिला, घरातली ठेवलेली वस्तू जागेवर न सापडल्यासारखा. म्हणाला, "हात वर केलं हुतं की रं सगळ्यांनी. तूबी केला हुतास."

"भडंग घ्यायला केला असेल, सुभेदार," मेडिकलवाला म्हणाला. पुन्हा हशा पिकला. मीही हसलो.

सुभेदार पावसात एकटा मोटारसायकलवर गेला. आम्ही गाडीत. कऱ्हाडच्या पुढं साहेब म्हणाले, "त्याचं डोकं हल्ली ताळ्यावर दिसत नाही. नसलेल्या गोष्टी आठवतात म्हणजे काय!" यावर मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, "हो, अलीकडं विसरतो जरा."

साहेब परोपकारी. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुभेदाराच्या मुलाला फोन करून वडिलांना डॉक्टरला दाखवायला सांगितलं. मुलगा भला, घाबरट. त्यानं आधी मोटारसायकलची किल्ली काढून घेतली. मग एक दिवस माझ्याकडं आला. "काका, तात्यांना खरंच भास होतात का हो? तुम्ही तिथंच होता." मी म्हणालो, "वय झालंय रे, जपा." त्यानं जपलं. सुभेदार दुकानात एकटा जाईनासा झाला. घरात काही सांगायला लागला, की सून आणि मुलगा एकमेकांकडं बघायचे. ज्या माणसाचं बोलणं संपता संपत नसे, तो वाक्य अर्धवट सोडून समोरच्याचा चेहरा वाचायला लागला. पुढं ते सगळे गावाकडं, जतच्या पलीकडं राहायला गेले.

आमची मंडळी मात्र बहरली. काही वर्षांनी शहरांतून नवे हौशी आले, मोठे मासे सोडून देण्याची टूम निघाली, सोडतानाचे फोटो मोबाइलवर फिरू लागले. मग साहेबांना आठवलं! एका सत्कारात शाल पांघरून ते म्हणाले, "हातापेक्षा मोठी खडस सोडायची, हा नियम आमच्याकडं पहिल्यापासून आहे." टाळ्या. आमच्या नव्या टी-शर्टांच्या पाठीवर तेच छापलं. मला मध्यम मापाचा दिला, तो पोटावर ताणतो. त्या सत्कारात मेडिकलवाला माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, मी त्याच्याकडं बघितलं नाही. अशा बाबतीत आम्ही फार शिस्तीचे.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एसटीनं जतला गेलो, पुढं वडापची जीप धरली. काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं. सुभेदार अंगणात बाजेवर बसला होता. वाळला होता, पण नजर तीच. सून पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "काका, त्यास्नी जुनं काय इचारू नगा. गोंधळत्यात."

आम्ही कालव्याच्या पाण्यावर बोललो, मेंढरांच्या भावावर बोललो. गावच्या तलावात आता पाणी येतंय, तिथं पोरं मासळी धरतात, असं त्यानं सांगितलं. पण प्रत्येक वाक्यानंतर तो सुनेकडं बघायचा, बरोबर आहे ना म्हणून. मग ती चुलीकडं वळली तसा तो पुढं झुकला.

"गड्या, एक इचारू? त्यो नियम हुता का न्हवता रं? मला तर हात वर केल्यालं सपष्ट दिसत्यात. तुझाबी. पर समदी म्हनत्यात न्हवता, म्हंजी मलाच भास झाला आसंल. तू सांग. तू सांगशील ते मी धरतो."

याहून सोपं कुणी कुणासाठी केलं नसेल. एक शब्द. पण सून वळून आमच्याकडं बघत होती. तिच्यासमोर 'होता' म्हटलं, तर इतकी वर्षं मी काय केलं, तेही सांगावं लागणार होतं.

मी म्हणालो, "जाऊ दे रे. होता काय, नव्हता काय. जुनं कशाला काढतोस?"

तो मागं टेकला. "व्हय. ऱ्हाऊ दे," म्हणाला. मग सुनेला म्हणाला, "पावन्याला वाढ, लांबनं आलाय." मी जेवलो. रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला.

सुभेदार त्याच हिवाळ्यात गेला. दहाव्याला मी गेलो होतो. मुलगा म्हणाला, "शेवटी शेवटी काही बोलायचेच नाहीत. चुकेल म्हणून भ्यायचे." तेव्हाही माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, की माणूस चांगला होता.

त्यानं विचारलं त्या दिवशी अंगणात, त्याची सून ऐकत असताना, मोठ्यानं बोलायचं होतं ते असं: सुभेदार, नियम होता. हात वर झाले होते, मी मोजले होते, माझाही होता. तू विसरला नव्हतास, तुला भास झाला नव्हता, तुझं डोकं आमच्या सगळ्यांपेक्षा ठिकाणावर होतं. खोटं मी बोललो, गाडीतून घरी जाता यावं म्हणून. मला माफ कर.