मावशीच्या दिरांची घाई

जगातली कोणतीही वस्तू तिच्या स्वतःच्या वेगानं चालू देणं म्हणजे पाप, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि दुर्दैवानं तो आमच्याच नात्यात निघाला. माझ्या मावशीचे धाकटे दीर, आमचे काका. राहायला दहिवलीला, रेडिओ दुरुस्तीचं दुकान कर्जतच्या बाजारात. त्या दुकानात गेलेला रेडिओ दुरुस्त होऊन यायचा, पण पूर्वीचा रेडिओ म्हणून यायचा नाही. टेपरेकॉर्डर दिला तर आतला स्क्रू फिरवून ते त्याची मोटर पळवून ठेवत. एका लग्नात त्यांच्या टेपवर मंगलाष्टकं लावली, ती इतक्या वेगात झाली की मामा मुलीला घेऊन पाटाशी पोचेपर्यंत "सावधान" होऊन गेलं होतं. लोक हसले. मुलीची आई रडली. काका मात्र समाधानानं म्हणाले, "लगीन लागलं का नाय? मग उन्हात उभं कशाला राहायचं?"

टेबलफॅन त्यांनी असा पळवला होता की तो टेबलावरून चालत चालत आमटीच्या पातेल्यात उतरला. जेवायला बसले की आमचा पहिला घास व्हायच्या आत यांचा हात धुऊन झालेला. त्यांच्या लुनाची तर कथाच वेगळी. इंजिनात काय काय घासून त्यांनी तिला मोटारसायकलच्या अंगाचा वेग आणला, पण ब्रेक राहिले लुनाचेच. पहिल्याच आठवड्यात ते दहिवलीच्या वळणावरून सरळ कुणाच्या तरी लावलेल्या भातात गेले. चिखलानं माखून घरी आले तेव्हा मावशी म्हणाली, "भावजी, थांबायचं कसं ते आधी शिका." त्यावर त्यांचं उत्तर होतं, "वहिनी, ब्रेक ही भित्र्या माणसाची सोय हाय." हे वाक्य मला तेव्हाही आवडलं नव्हतं. ज्याचं भात आडवं झालं, त्याला कोणी भित्रा का शूर विचारलं नव्हतं.

मग खालापूरच्या बाजूला ओतकामाचा एक कारखाना होता, तिथल्या शेठनं संगणक आणला. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या भागात ही वस्तू बघायला माणसं खिडकीशी उभी राहत. मावशीची मुलगी, आमची मंदाताई, त्यावर कामाला लागली. कोणत्या कामगारानं किती तास काम केलं ते रोज यंत्रात भरायचं आणि आठवड्याअखेर छापून लावायचं. मावशीच्या घरात येणारा पगार तेवढा एकच. बिघडलं तर बघायला म्हणून मंदाताईनंच काकांचं नाव सुचवलं. काकांनी यंत्र उघडलं, आत डोकावून पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मंदाताईनं घरी येऊन सांगितली. मावशी पुढे नेहमी म्हणायची, "तवाच मला कळलं, आता ह्याचंबी लगीन लागणार."

शेठला घाई होती. यंत्र एवढं महाग आणि कागद निघायला संध्याकाळ होते, ही त्याची तक्रार. काकांना हेच हवं होतं. संगणकाच्या पोटात एक स्फटिक असतो. तो ठेका धरतो आणि त्या ठेक्यावर प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, काम करते. काकांनी मुंबईहून जास्त चपळ स्फटिक आणून बसवला. ठेका वाढला, प्रोसेसर पळू लागला. पण प्रोसेसरला लागणारे आकडे मेमरीच्या चिपांत असतात. यानं मागायचे आणि त्यांनी आणून द्यायचे. त्या आणून द्यायला किती वेळ घेतात, ते त्यांच्या पाठीवर छापलेलं असतं. काकांनी ते वाचलं होतं. मंदाताईनं विचारलंही, "काका, ह्यांना जमंल का एवढ्या घाईत?" काका म्हणाले, "छापलेला आकडा भित्र्यांसाठी असतो गं."

इथवर मी हसलो असतो. पण पुढचं ऐकल्यापासून मी हसणं सोडलं. त्या मेमरीत आठ चिपा माल वाहतात आणि शेजारी नववी असते. तिचं काम एकच: माल नेला तसाच परत आला का ते बघायचं आणि चुकला तर यंत्र थांबवून ओरडायचं. वेग वाढवल्यावर नववी ओरडली. यंत्र मधेच थांबायला लागलं. शेठ वैतागला, आणि काकांनी काय केलं? मेमरी जलद आणली नाही, ठेका कमी केला नाही. एक लहानसा प्रोग्राम टाकून नववीची तक्रार कोणाला ऐकूच जाणार नाही अशी सोय केली. यंत्र थांबायचं थांबलं. शेठनं पेढे वाटले. माल वाहणाऱ्यांना फटके आणि तक्रार करणारीच्या तोंडात बोळा, ही युक्ती कारखानदारांना शिकवावी लागत नाही, पण ती आमच्या दहिवलीच्या माणसानं चिपांवर करून दाखवावी?

थोड्याच दिवसांत छापील कागदावर आठाचं शून्य व्हायला लागलं. सगळ्यांचं नाही, रोज नाही. मधेच एखाद्याचं. चौक गावाकडचा एक भट्टीवाला कागद घेऊन मंदाताईसमोर उभा राहिला. "ताई, आठ तास भट्टीपुढं भाजत व्हतो. हितं शून्य हाय. मी काय भूत हाय?" कामगारांना वाटलं ही शेठची माणूस. शेठच्या मॅनेजरला वाटलं ही निष्काळजी. चुका व्हायच्या त्या दुपारी भरलेल्या आकड्यांत, म्हणून त्यानं सगळ्यांसमोर निदानही करून टाकलं, "पोरगी जेवते आणि पेंगते." शनिवारी पुन्हा चूक निघाली तर घरी बसायचं, असं तिला सांगितलं गेलं. यंत्राला कोणी काही विचारलं नाही. यंत्र महाग होतं. मंदाताई स्वस्त होती.

मी रात्रीत एक पत्रक लिहून काढलं, 'यंत्राच्या आडून कष्टकऱ्यांवर दरोडा.' दुसऱ्या दिवशी मावशीकडे सगळे जेवत असताना ते मोठ्यानं वाचलं. मंदाताई म्हणाली, "हे दारावर लाव, म्हणजे शनिवारची वाट बघायला नको. आजच काढतील मला." मग तिला रडू फुटलं. "सकाळी सगळं बरोबर येतं रं. दुपारीच काय व्हतं? मी खरंच पेंगते का?"

काकांचा हात ताटात थांबला.

"दुपारीच? सकाळी एकदाबी नाय?"

"नाय."

"खोलीवर पत्रा हाय ना?"

ती मानेनं हो म्हणाली. त्या दिवशी पंगतीत काकांची भाकरी सगळ्यांत शेवटी संपली, खरं तर संपलीच नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी मला लुनाच्या मागे बसवलं. कारखान्यात पोचलो तेव्हा मॅनेजरनं राजीनाम्याचा कागद मंदाताईपुढे ठेवलेला होता आणि खोलीत पत्र्यानं नुसती भट्टी केली होती. काका सरळ मॅनेजरला म्हणाले, "साहेब, तुमी बसा. पोरीला उठवा. नुसता आठ भरा, पानच्या पान."

"मला कामं आहेत."

"पेंगणारी माणूस काढताव, मग जागा माणूस काय करतो ते बघू की."

भट्टीवाला आणि चारदोन जण दाराशी गोळा झाले होते, म्हणून मॅनेजर बसला. घाम पुसत त्यानं आठ भरले, छापायला लावले. कागद कुरकुरत बाहेर आला. आठ, आठ, आठ, आठ, शून्य.

"साहेब जेवून आलं असतील," दारातून भट्टीवाला म्हणाला.

मॅनेजरचा चेहरा उतरला. माझं पत्रक खिशात होतं आणि मी बोलायला तोंड उघडलं, पण काका आधी बोलले. "पोरीची चूक नाय. यंत्राचीबी नाय. मी पळवलं त्याला." मग त्यांनी दारातल्या माणसांकडे वळून सांगितलं. लावणीला एखादी बाई फार झपाट्यानं लावत चालली आणि रोपांची मूठ आणणारी मागे राहिली, तर लावणारी थांबते, मागे बघून हाक मारते. ह्या यंत्राला थांबता येत नाही. ठेका पडला की हातात असेल ते चिखलात खोवतं आणि पुढे जातं. मूठ आली नसेल तर गवतच खोवतं. "उन्हानं तापल्या की त्या चिपा अजून सुस्त व्हतात. सकाळी कशाबशा पोचायच्या, दुपारी नाय. त्यांची सांगणारी एक व्हती, तिचं तोंड मीच बांधलं." मग ते खाली बसले, यंत्र उघडलं आणि जुना स्फटिक परत बसवला. ते एवढ्या हळू काम करताना मी त्यांना प्रथमच बघत होतो.

शेठ आला तो ओरडतच. वेग हवा असेल तर जलद मेमरी विकत घ्या, पळायचं तर दोघांनी पळायला पाहिजे, असं काकांनी त्याला सांगितलं. शेठ म्हणाला, मेमरीवर खर्च नाही आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका. म्हणजे त्यालाही पुढचा पळायला हवा होता आणि मागच्याच्या तोंडात घास नको होता. भट्टीवाल्याचे आठ तास कागदावर परत आले. राजीनाम्याचा कागद मंदाताईनं स्वतः फाडला. यंत्र पुन्हा संध्याकाळपर्यंत रखडू लागलं आणि त्याबद्दल तिला कोणी काही म्हणालं नाही.

काकांवरचा माझा राग मात्र लवकर गेला नाही. कबुली दिली म्हणून पाप धुतलं जात नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "नाय जात," आणि माझ्यापुढे चहा ठेवला. साधा, सावकाश उकळलेला.

अलीकडे मावशीचे गुडघे धरले आहेत. तिला बाजारात यायचं असलं की काका सोबत असतात. परवा उल्हास नदीच्या पुलावर दोघं दिसली. काका सवयीनं दहा पावलं पुढे निघून जायचे आणि कठड्याला टेकून खाली बघत राहायचे. ती पोचली की पुन्हा निघायचे. मी मागून चालत होतो, त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

"काय बघताव एवढं भावजी, सारखं?" मावशीनं विचारलं.

"पाणी," काका म्हणाले. "लई हळू चाललंय."

त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि ती दम खाईपर्यंत पुन्हा खाली बघत उभे राहिले. चैत्र होता. नदीत पाणीच नव्हतं.